मेणबत्तीचं किट मागवलं, ते पण मे महिन्यात, ते पण नागपुरात

पाचपैकी अडीच स्टार. तीन देणार होती, अर्धा थर्मामीटरने खाल्ला, ते पुढे सांगते.

झालं असं की लेकीची शाळा सुटली, बाहेर ४४-४५ तापमान, सकाळी दहानंतर दार उघडायची सोय नाही अन् पोरगी दिवसभर मोबाइल घेऊन कूलरसमोर पडलेली. तिला हाताने काहीतरी करायला लावू म्हणून मी ऑनलाइन बघून राहिली होती, तर "घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या, नवशिक्यांसाठी संपूर्ण किट" असं काहीतरी समोर आलं. किंमत १,२९९. फोटो एकदम भारी, पांढराशुभ्र टेबल, बाजूला वाळलेली फुलं, मधे डबी जळतेय. मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नंतर नीट बघितलं तर हाच डबा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकून राहिले, आतलं सामान सेम टू सेम, वरचं स्टिकर फक्त वेगळं. त्यामुळे नाव कोणतंही असो, खाली लिहिलेलं सामान दिसलं की समजून जा.

आत काय निघालं ते सांगते. सोया वॅक्सच्या चिप्स अर्धा किलो, झाकणाचे टिनचे चार डबे, खाली पत्र्याची चकती लावलेल्या दहा वाती, सेंटच्या दहा-दहा एमएलच्या तीन बाटल्या (लॅव्हेंडर, व्हॅनिला, ऑरेंज), रंगाचे छोटे तुकडे, चोच असलेला स्टीलचा मग, काचेचा थर्मामीटर, वात मधोमध धरायची पट्टी अन् एक कागद ज्यावर कृती छापली आहे. चिप्स मी म्हणतेय खऱ्या, पण पार्सल आलं दुपारी अडीचला, दिवसभर गाडीत भाजून आलेलं, त्यामुळे आत चिप्स वगैरे काही नव्हत्या, एक वीट होती. खलबत्त्याने फोडावी लागली.

इथेच खरा मुद्दा आहे अन् तो मला कोणत्याच रिव्ह्यूमधे दिसला नाही. सोया वॅक्स म्हंजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन लावून घट्ट केलेलं, वनस्पती तूप बनवतात ना तीच पद्धत, त्याचंच भावंड समजा. डब्यात ओतायला जे सोया वॅक्स मिळतं ते साधारण ४५ ते ५० डिग्रीच्या आसपास सैल व्हायला लागतं. साधी पांढरी मेणबत्ती ज्याची असते ते पॅराफिन ५८ ते ६० ला. आता आपल्या गावाचं बघा, २०१३ च्या मे मधे नागपूरने ४७.९ बघितलेलं आहे, अन् ते सावलीतलं तापमान झालं, पश्चिमेच्या खिडकीच्या ओट्यावरचं नाही. म्हंजे आपल्याकडे मे मधे हे मेण वात पेटवायच्या आधीच अर्धं वितळलेलं असणार, हा हिशोब कंपनीवाल्याने केलाच नाही. गावाकडे आमच्या वावरात सोयाबीनच असते, पण त्याचं मेण होऊन ते पार्सलने घरी येईल अन् उन्हात पुन्हा तेल व्हायला बघेल असं काही कोणाला वाटलं नसेल.

मी कंपनीला मेल पण केला की बाबा वीट झाली आहे. उत्तर आलं, थंड अन् कोरड्या जागी ठेवावे. आता मे मधे थंड जागा म्हंजे आम्ही काय मेण घेऊन चिखलदऱ्याला जायचं का?

असो. करायला बसलो आम्ही दोघी.

कृतीच्या कागदावर इंग्रजी अन् हिंदी दोन्ही आहे, हिंदी कोणत्यातरी मशीनने केलेली वाटते कारण त्यात चक्क लिहिलं आहे "मोम को उबालें". हे वाचून कोणी खरंच गॅसवर मग ठेवून मेण उकळत बसलं तर काय होईल याचा विचार करा. मेण उकळायचं नसतंच. गंजात पाणी उकळत ठेवायचं, त्यात मेणाचा मग ठेवायचा, पाण्याच्या गरमीनेच ते वितळतं. थेट आचेवर मेण जास्त तापलं की त्याची वाफ पेट घेते, अन् मग घाबरून कोणी पाणी टाकलं तर पाणी तळाला जाऊन क्षणात वाफ होते अन् जळतं मेण वर उसळतं, कढईतल्या तेलासारखंच. मेण पेटलं तर गॅस बंद करायचा अन् वरून झाकण टाकायचं, बस. म्हणून मी आधीच बरोबर मापाचं स्टीलचं झाकण ओट्यावर काढून ठेवलं होतं. ही एक ओळ त्या कागदावर मोठ्या अक्षरात पाहिजे होती, त्याच्या जागी "अपनी रचनात्मकता को पंख दें" असं छापलं आहे.

मगाचं पण सांगते, मग हलका आहे, मेण कमी असलं की पाण्यात तरंगतो अन् कलंडतो. मी खाली कुकरची जाळी ठेवली अन् सांडशीने धरून राहिली तेव्हा तो जाग्यावर बसला.

आता थर्मामीटर. सोया वॅक्समधे सेंट टाकायचा तर मेण साधारण ८० ते ८५ डिग्रीला पाहिजे, मग दोन मिनिटं हळूहळू ढवळायचं (फेटायचं नाही, हवा भरते), मग खाली उतरवून ५५-६० पर्यंत येऊ द्यायचं अन् तेव्हा ओतायचं. सगळा खेळ तापमानाचा आहे. अन् ह्यांचा थर्मामीटर मी उकळत्या पाण्यात घातला तर ९१ दाखवतो! नागपूर काही हिमालयात नाही, समुद्रापासून ३०० मीटरच्या आसपास, इथे पाणी ९९ ला उकळतं. म्हंजे आठ डिग्रीचा घोळ. मी जर त्याच्या भरवशावर ८५ गाठलं असतं तर खरं मेण ९३ ला असतं अन् सेंटचा अर्धा वास किचनमधेच उडून गेला असता. नशीब माझ्याकडे खव्याच्या पाकासाठी घेतलेला डिजिटल होता, साडेतीनशेचा, तो वापरला. तुम्ही किट घेतलंच तर पहिलं काम हे करा, थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून बघा. हा गेला अर्धा स्टार.

सेंटचं गणित पण फसलेलं. कागद म्हणतो एका डब्याला दहा एमएल. डबे चार, बाटल्या तीन. चौथ्याचं काय करायचं ते नाही सांगितलं. अन् दहा एमएल तसंही जास्तच आहे. मेणाच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के सेंट पुरतो, फार तर दहा, त्याच्यावर टाकलं तर मेण ते धरूनच ठेवत नाही, वर थेंब थेंब घामासारखं येतं, अन् आपल्या उन्हाळ्यात तर आणखीच. डब्यात किती मेण लागेल हे काढायची सोपी रीत अशी, डबा काट्यावर ठेवून पाणी भरायचं, पाण्याचं वजन जितकं त्याच्या साधारण ८७ टक्के मेण. आमच्या डब्यात १२० ग्राम पाणी मावलं, म्हंजे मेण झालं १०५ ग्राम, त्याला सात-आठ ग्राम सेंट. लेकीने हा हिशोब स्वतः केला, शाळेत टक्केवारीला रडते ती पोरगी.

ओतलं, वात पट्टीत धरली, दिसायला एकदम सुंदर झाल्या चारही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लॅव्हेंडरवाली पेटवून हॉलमधे ठेवली, दिवे बंद केले, जरा वातावरण वगैरे. तर आई (म्हंजे सासूबाई) आतून बाहेर आल्या अन् म्हणतात, "काहून वं, लाइन गेली काय?" मी म्हटलं नाही आई, सुगंधी मेणबत्ती आहे. त्यांनी जवळ जाऊन वास घेतला, "येऊन नाही राहिला काही," अन् ट्यूबलाइट लावून सिरियल बघायला बसल्या.

वास नव्हताच येऊन राहिला, त्यांचं बरोबर होतं. त्याला दोन कारणं. एक, सोया वॅक्सची मेणबत्ती बनवल्यावर लगेच पेटवायची नसते, आठवडा दोन आठवडे झाकण लावून मुरू द्यायची, लोणच्यासारखी. पॅराफिनला दोन-तीन दिवस पुरतात. कागदावर लिहिलं आहे "२४ तासांत तयार". तयार म्हंजे घट्ट झालेली, वास येणारी नाही. दुसरं कारण म्हंजे मी ती अर्ध्या तासात विझवली. अन् ही चूक माझी, किटची नाही. पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण पूर्ण कडेपर्यंत वितळेस्तोवर जळू द्यायची, अंदाज असा की डब्याच्या रुंदीला एका इंचाला एक तास. अडीच इंचाचा डबा म्हंजे अडीच तास. मधेच विझवली तर मधे खड्डा पडतो अन् पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यातून खाली खाली जात राहते, कडेचं मेण तसंच उरतं. बोगदा होतो नुसता. आमच्या पहिलीचा झाला. तो काढायचा उपाय आहे, डब्याच्या तोंडावर फॉइल गुंडाळायची, मधे रुपयाएवढं भोक ठेवायचं, गरमी आत कोंडते अन् कडेचं मेण वितळून सपाट होतं. फॉइल चटका देते तेवढं लक्षात ठेवा.

पण दुसरी मेणबत्ती मी आठ दिवस मुरवून नीट अडीच तास जाळली, ते पण कूलर बंद करून (हा त्याग लिहून ठेवा कुठेतरी), तरी बोगदाच. तेव्हा समजलं की वातच बारीक आहे. दहाच्या दहा वाती सारख्या, अन् डब्याच्या मानाने बारीक. कूलर बंद का केला तर कूलरच्या झोतात ज्योत एका बाजूला झुकते, एकीकडचं मेण वितळतं, दुसरीकडचं तसंच, अन् वरून काजळी धरते. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचं ठीक आहे, आम्हा कूलरवाल्यांना मेणबत्ती जाळायची तर घामेघूम व्हायची तयारी ठेवावी लागते.

मग मी ठरवलं इतवारीच्या बाजारात जायचं. सकाळी दहाच्या आत निघून मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरली अन् तिथून पायी आत. आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं की पूजेच्या सामानाच्या ओळीत एक माणूस मेण विकतो. दुकान सापडायला अर्धा तास गेला, कारण बोर्डावर भलतंच काही लिहिलं आहे, बाहेर पत्रावळी अन् द्रोणांचे गठ्ठे, आत गेलं की मग मेणाच्या लाद्या दिसतात. दुकानाचं नाव देत नाही, भाऊ आधीच किरकोळवाल्यांना वैतागलेले आहेत, सगळे जाऊन उभे राहिले तर मला पुढच्या वेळी आत घेणार नाहीत. पण हा रिव्ह्यू त्यांचा पण आहे, म्हणून त्यांना वेगळे चार स्टार.

एक स्टार का कापला तर शनिवारी गेली होती, गर्दी, अन् मी तीन प्रश्न विचारले तर भाऊ म्हणाले, "ताई, घ्यायचं काय आहे ते सांगा ना, शाळा सोमवारी." सोमवारी गेली. सोमवारी मात्र त्यांनी स्टूल दिला बसायला.

त्यांनी पहिलीच गोष्ट विचारली, डबा कुठे आहे? मी म्हटलं डबा कशाला, मेण घ्यायला आली. म्हणाले लोक आधी मेण घेतात, मग सेंट, मग डबा, अन् वात शेवटी जी मिळेल ती. उलटं आहे. आधी डब्याची रुंदी, मग त्याला पुरेल ती वात, बाकी सगळं नंतर. वात म्हंजे मेणबत्तीचं इंजिन, मेण फक्त पेट्रोल. मला हे एकदम पटलं कारण माझं किट नेमकं तिथेच फसलं होतं. त्यांनी सुती वातीचे तीन जाडीचे दहा-दहा नग दिले, म्हणाले सारखे तीन डबे घ्या, तिघांत वेगळी वात लावा, जाळून बघा, मला विचारू नका.

अन् मेणाबद्दल त्यांचा सल्ला असा की नागपुरात उन्हाळ्यात नुसतं सोया नको. ५८-६० चं पॅराफिन अन् सोया मिसळा. "सोया पाहिजेच असेल तर चार महिने थांबा, नाहीतर अर्धंअर्धं करा." मी सोया एक किलो अन् पॅराफिन एक किलो घेतलं. ३८० अन् १७०. वाती तीस नग १२०, सेंट मोगऱ्याचा १०० एमएल २८०. टोटल ९५०. सेंट घेताना मी बाजूची स्वस्त बाटली उचलली तर भाऊंनी हातातून काढून घेतली, ती अगरबत्तीची होती. म्हणाले अगरबत्तीचं सेंट वेगळं, कँडलचं वेगळं, बाटलीवर कँडलचं लिहिलं असेल तरच घ्या.

घरी येऊन तीन डब्यांचा प्रयोग केला अन् खरं सांगते, एवढ्या सगळ्या प्रकारात लेकीला सगळ्यात जास्त मजा याच्यातच आली. डब्याखाली अ, ब, क चिकटवलं, दर अर्ध्या तासाला पट्टीने मोजून वहीत लिहायचं की मेण किती सेंटीमीटर वितळलं, ज्योत किती उंच, डबा हाताला किती गरम. अ बारीक वात, बोगदा. क जाड वात, ज्योत नाचते, टोकावर काळं छत्रीसारखं काहीतरी धरलं, तासाभरात डबा हात लावू देईना. ब मधली, सव्वादोन तासांत कडेपर्यंत सपाट तळं, काजळी नाही. बस, वात सापडली. पेटवायच्या आधी प्रत्येक वेळी वात पाच-सहा मिलीमीटर ठेवून कापायची, हे पण वहीतच लिहिलं आहे तिने, तीन वेळा, अधोरेखित करून, कारण मी विसरत होती.

अर्धंअर्धं मिसळलेलं मेण खिडकीच्या ओट्यावर दुपारभर ठेवून बघितलं. बोट दाबलं तर थोडा ठसा उमटतो, पण पातळ नाही झालं. किटवालं तिथेच ठेवलं होतं तर चार वाजता त्यात वात पोहून राहिली होती. आणखी एक, किटवाल्या मेणबत्त्यांवर आठ-दहा दिवसांत पांढरी बुरशीसारखी नक्षी आली. लेक घाबरली. बुरशी नाही ती, सोया वॅक्स दिवसा सैल रात्री घट्ट असं होत राहिलं की त्याचे स्फटिक वर येतात, जळण्याला काही फरक पडत नाही, दिसायला फक्त विटल्यासारखं दिसतं. अन् व्हॅनिलावाली पिवळट पडली, ते व्हॅनिलाचंच लक्षण, व्हॅनिलिनने मेण पिवळं-तपकिरी होतं. पांढरी पाहिजे असेल तर व्हॅनिला घेऊच नका.

आता संत्र्याचं सांगितलंच पाहिजे, नागपूरचे आहोत शेवटी. किटमधलं ऑरेंज सेंट म्हंजे नुसती गोळीची आठवण, लहानपणी दहा पैशाची मिळायची ती. मला वाटलं आपण घरचं करू. हिवाळ्यातल्या संत्र्याच्या साली आई वाळवून ठेवतात, त्या बारीक करून मेणात घातल्या. दिसायला एवढी छान झाली की मी स्टेटसला टाकली. पेटवली अन् वीस मिनिटांत एक साल ज्योतीकडे सरकली अन् तिनेच पेट घेतला, एका मेणबत्तीच्या दोन ज्योती, मग तीन. झाकण टाकून विझवली. वाळलेली साल, फूल, दालचिनी, हे काहीही मेणात वातीजवळ गेलं की दुसरी वातच होतं ते. फोटोत दिसतात त्या फुलांच्या मेणबत्त्या बघायच्या असतात, जाळायच्या नसतात. मग मी किचनमधलं ऑरेंज इसेन्स घालून बघितलं, केकवालं. ते मेणात मिसळतच नाही, तळाशी थेंब होऊन बसलं अन् ज्योत तिथे पोचल्यावर तडतड. लेकीचे वॅक्स क्रेयॉन रंगासाठी वितळवले तर वात चोंदली, दहा मिनिटांत विझली, क्रेयॉनच्या रंगाचे कण वातीत अडकतात. किटमधले रंगाचे तुकडे मात्र चांगले निघाले, हे त्यांच्या बाजूने लिहायला पाहिजे, नखाएवढा तुकडा पुरतो.

दिवाळीच्या उरलेल्या मातीच्या पणत्या होत्या, त्यांत पण ओतलं. कच्च्या पणतीने मेण पिऊन टाकलं अन् टीव्हीच्या लाकडी स्टँडवर गोल डाग. बाजारातल्या मेणाच्या पणत्यांना आतून रंग किंवा लेप असतो, तो बघून घ्या. काचेचे पातळ कटिंग ग्लास पण नको, माझा एक तडकला. सगळ्यात बिनधास्त निघाली ती स्टीलची जाड वाटी, दिसायला काही खास नाही पण न फुटणारी, न पिणारी. अन् मेणाचा मग धुवायच्या नादात उरलेलं मेण सिंकमधे ओतू नका, पाइपात जाऊन घट्ट होतं. गरम असतानाच जुन्या पेपरने पुसून घ्यायचं. माझ्या कॉटनच्या कुर्त्यावर पडलेलं बर्फ लावून खरवडलं अन् वर-खाली पेपर ठेवून इस्त्री फिरवली, निघालं.

हिशोब सांगते. किटमधे १,२९९ ला चार मेणबत्त्या, म्हंजे एक सव्वातीनशेला पडली. सुट्या सामानाच्या ९५० मधे त्याच मापाच्या अठरा होतात, एक पन्नास-पंचावन्नला. डबे घरचे, गॅस अन् थर्मामीटर धरला नाही, अन् सेंट तेवढ्यात पाच टक्केच पडतो, जास्त पाहिजे तर आणखी एक छोटी बाटली. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमचा पांढऱ्या मेणबत्तीचा पुडा याच्याहून स्वस्त. खरंच आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर ज्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्या लावतात त्या बघा कधी नीट, बोगदा नाही, काही नाही, शेवटपर्यंत सरळ जळतात, कारण जाडी अन् वात यांचं माप बसलेलं आहे. एवढ्या उठाठेवीनंतर त्या साध्या मेणबत्तीबद्दल माझा आदर वाढला आहे.

मग किट घ्यायचं की नाही? मे-जूनमधे नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे कोणीच घेऊ नका. डिसेंबरमधे कोणाला गिफ्ट द्यायचं असेल, मूल दहा वर्षांच्या वरचं असेल अन् मोठं माणूस सोबत बसणार असेल तर घ्या, सगळं एका डब्यात येतं, दुकानं हुडकावी लागत नाहीत, एक दुपार छान जाते. तेव्हा उलटी काळजी, थंड डब्यात गरम मेण ओतलं की ते पटकन आक्रसतं अन् कडेपासून सुटल्यासारखे डाग दिसतात, डबा आधी कोमट करून घ्यायचा. पाच-सहा वर्षांचं पोट्टं असेल तर राहूच द्या, गरम मेण अंगावर चिकटून बसतं.

अन् ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी डबा घेऊन इतवारीत जा, सोमवारी, सकाळी, सुटे पैसे घेऊन. भाऊ किलोच्या खाली मेण देत नाहीत अन् लादी फोडून देत नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

टिनच्या डब्यांचं लिहायचं राहिलं. ते एक नंबर आहेत, झाकण घट्ट, गंज नाही, अडीचमधला पूर्ण एक स्टार त्यांचाच. एकात आईंनी लवंगा भरून ठेवल्या, दोनदा धुतला तरी लवंगेला लॅव्हेंडरचा वास मारते. मी म्हटलं आई दुसरा डबा देते, तर म्हणतात, "राहू दे वं, मेणबत्तीत तर येत नव्हता, इथे तरी येऊन राहिला."